कापडाला लागलेला रंग

ताईने बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टीची सरळ रेघ ओढली आणि जाहीर केलं, की डावी बाजू शंकूची आणि उजवी भोपूची. ज्याच्या बाजूवर पाण्याचे थेंब जास्त टपोरे उभे राहतील तो जिंकला. हरणाऱ्याने सुट्टी संपेपर्यंत रोज फरशी धुवायची.

बॉनेट भंगारातलं होतं. आत्याने ते मुद्दाम शिकण्यासाठी दोन स्टुलांवर आडवं टाकून दिलं होतं. आत्याच्या गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त होत नसत. तिथे गाड्या धुतल्या जात, घासल्या जात, पॉलिश केल्या जात, आणि त्यांच्या रंगाला ऊन-पावसापासून सांभाळणारे थर दिले जात. ताई तिची मुलगी, चौदा वर्षांची. शंकू आणि भोपू ही आत्याच्या भावाची मुलं, सुट्टीला आलेली. शंकूला शंकू म्हणत, कारण तिला कशाचीही शंका येई. दूध जरा जास्त पांढरं दिसलं तरी ती वास घेऊन बघे. भोपू तिचा धाकटा भाऊ. तो कानात कुजबुजला तरी पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस वळून बघायचा.

भोपूने वॅक्सचा डबा उघडला, मिटक्या मारत वास घेतला आणि पावावर लोणी लावावं तसा जाड थर लावला. वरून त्याने सीलंट ओतलं. शंकूने मात्र आधी आत्याला गाठलं. एक डबा आहे आणि एक बाटली, तर आधी काय लावायचं, असं तिने विचारलं.

आत्याने हातातलं काम न सोडता समजावलं. सीलंट रंगाला घट्ट धरून बसतं आणि महिनोन्महिने टिकतं, पण धरायला त्याला स्वच्छ, कोरा रंग लागतो. वॅक्सने झळाळी छान येते, पण ते तेलकट असतं, आणि चार धुण्यांत निघून जातं. म्हणून आधी सीलंट, ते नीट सुकू द्यायचं, मग त्यावर वॅक्स. उलट केलं तर सीलंट वॅक्सवर बसतं आणि वॅक्स गेलं की त्याच्याबरोबर तेही जातं. शिवाय थर पातळ हवा. जाड थर सुकत नाही, नुसता माखतो.

भोपूची बाजू संध्याकाळपर्यंत तेलकट तव्यासारखी दिसायला लागली. शंकूच्या बाजूवर पाणी मारलं तेव्हा थेंब मण्यांसारखे गोल उभे राहिले. भोपूने मुकाट्याने झाडू-बादली ताब्यात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मरून रंगाची गाडी आत शिरली. गाडी आणणारा माणूस जुन्या गाड्या विकायचा. तो सावलीतही काळा चष्मा काढत नसे, म्हणून भोपूने त्याचं नाव गॉगलकाका ठेवून टाकलं होतं. गॉगलकाकाला घाई होती. गाडी घरून धुऊन आणली आहे, परत धुऊ नका, असं तो म्हणाला. क्ले फिरवायचा नाही. पॉलिशचं मशीन लावायचं नाही. सीलंट नको. फक्त वॅक्स, जाड, आणि दोन वेळा. उद्या दुपारी गिऱ्हाईक इथेच येऊन गाडी घेऊन जाणार होतं.

शंकूच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा. तो पाण्याने भिजवलेल्या पत्र्यावर फिरवला की चिकटलेली कचकच निघून येते. ज्याला गाडी चमकायला हवी आहे, त्याला ती साफ करायला का नको?

तो गेल्यावर तिने हे आत्याला बोलून दाखवलं. आत्या टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांत बुडालेली होती. ती म्हणाली, "गिऱ्हाईक सांगेल ते करायचं. त्याच्या पोटात काय आहे ते आपण विचारायचं नाही." आणि पहिला थर लावायचं काम तिने तिघांवर सोपवलं. सावलीत, पातळ, आणि प्रत्येक भागाला वेगळं पांढरं कापड.

दारं झाली, टप झालं, मागचं झाकण झालं. वॅक्स सुकून धुरकट झालं की पुसायचं, पुसलेलं कापड दोरीवर टाकायचं. शेवटी शंकूने समोरचं डावं मडगार्ड पुसलं आणि कापड उलटून बघितलं. त्यावर मरून डाग होता. चांगला तळहाताएवढा.

तिने दोरीवरची बाकीची कापडं एकेक करून तपासली. एकावरही रंग नव्हता.

ताईच्या कपाळाला आठी पडली. ती सांगायला लागली, की हल्लीच्या गाड्यांना रंगाच्या वर काचेसारखा पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर म्हणतात. वॅक्स लागतं ते क्लिअरला, रंग खाली सुरक्षित असतो. कापडाला रंग लागला याचा अर्थ या मडगार्डावर क्लिअर नाहीच. म्हणजे कुणीतरी नुसता रंग मारून हात झटकले आहेत. तोही अलीकडे, कारण नाक जवळ नेलं तर वॅक्सच्या मागून रंगाचा उग्र वास येत होता. ताज्या रंगावर तर वॅक्स मुळीच लावू नये, तो आतून सुकायचा राहतो.

मग ताईने एक युक्ती दाखवली. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात चढवायची आणि बोटं पत्र्यावरून हलकेच फिरवायची. पिशवीतून बारीकशी कचकचही कळते. दारावर हात लोण्यासारखा सरकला. मडगार्डाजवळच्या रबरावर आणि आरशाच्या दांड्यावर बोटांना वाळूसारखं लागलं. रंगाची फवारणी करताना उडालेले कण होते ते. क्ले फिरवला असता तर सगळे गोळ्यावर आले असते.

"आता कळलं क्ले का नको होता," शंकू म्हणाली.

भोपूने समोरून बघून आणखी भर घातली. उजवा दिवा पिवळट, म्हातारा दिसत होता आणि डावा नवाकोरा. त्याचं ठाम मत पडलं, की ही गाडी बँक लुटून पळताना आपटलेली आहे. ताईने त्याला हळू बोलायला सांगितलं. तो हळूच बोलत होता.

तिघं आत्याकडे गेली. आत्याने कापड बघितलं, पण मग नकारार्थी मान हलवली. मडगार्ड रंगवणं हा काही गुन्हा नाही. कुठे खांबाला घासलं असेल. त्याने घेणाऱ्याला सांगितलंही असेल. पुराव्याशिवाय माणसाकडे बोट दाखवायचं नाही.

हे शंकूला पटलं, आणि म्हणूनच तिला चैन पडेना. घासलं असेल तर नुसतं मडगार्ड बिघडेल. पण जोरात आपटलं असेल तर?

जेवणाच्या सुट्टीत ती टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटत शिरली. उजवीकडे चाकापासून पुढे जाणारा लोखंडी दांडा सरळ होता, धुळीने माखलेला. डावीकडचा मात्र चुरगळलेल्या कागदासारखा दुमडून पुन्हा ओढलेला दिसत होता. एके ठिकाणी ओबडधोबड जोड होता, आणि त्यावर चकचकीत काळा रंग फासला होता.

तेवढ्यात पावलं वाजली. टोकदार, पॉलिश केलेले बूट गाडीजवळ येऊन थांबले. शंकूने टॉर्च विझवला आणि श्वास रोखला. गॉगलकाका फोनवर कुणाशी तरी बोलत होता.

"सिस्टरना गाडीतलं काही कळत नाही हो. वरून पाणी मारून थेंब दाखवले की खूश होतील. खाली वाकून कोण बघतंय?"

सिस्टर म्हणजे गॅरेजच्या शेजारी राहणाऱ्या नर्सबाई. भोपू आल्या दिवशीच गुडघा फोडून घेऊन आला होता, तेव्हा त्याला मलमपट्टी त्यांनीच केली होती. गावाबाहेर अंथरुणाला खिळलेले पेशंट होते, त्यांना इस्पितळात नेता यावं म्हणून त्या गाडी घेणार होत्या. ती हीच गाडी होती तर.

बूट हलेनात. एक गुडघा खाली टेकायला लागला. आता चष्मा खाली येणार आणि आपण सापडणार, असं शंकूला वाटलं, इतक्यात पाण्याचा जोरदार फवारा फरशीवरून सणसणत आला आणि बूट चिंब करून गेला. भोपू पाइप घेऊन उभा होता. फरशी धुवायची शिक्षा आहे काका, पाइप हातातून सुटला काका, चुकलं काका, असं म्हणत त्याने असा काही गळा काढला की गॉगलकाका पाय झटकत, पुटपुटत बाहेर पळाला.

या वेळी आत्याने ऐकून घेतलं. ती स्वतः गाडीखाली गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, की धक्का हा दांडाच झेलतो, पुन्हा ठोकर बसली तर गाडीचा पुढचा भाग आतल्या माणसांना वाचवणार नाही. ती तडक शेजारी निघाली होती, पण शंकूने तिचा हात धरला. नुसतं सांगितलं तर गॉगलकाका म्हणेल, पोरांचा खेळ आहे. गाडी उचलून नेईल आणि दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारेल. त्याने स्वतःच्या हाताने दाखवायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर हसतमुखाने आल्या. ताई आणि शंकूने दुसरा थर लावून तयार ठेवला होता, पण डावं मडगार्ड आणि ड्रायव्हरचं दार, दोन्ही पुसायची बाकी ठेवली होती. गॉगलकाका गाडीचं गुणगान गाऊ लागला. एकाच मालकाची गाडी, एक ओरखडा नाही, रंग कंपनीचा.

शंकूने दोन पांढरीशुभ्र कापडं पुढे केली आणि अगदी अदबीने विचारलं, की शेवटचा हात काका फिरवतील का? सिस्टरना बघायला मिळेल चमक कशी येते ती. गॉगलकाका खूश झाला. त्याने बाह्या सरसावल्या, दार पुसलं, कापड सिस्टरच्या हातात दिलं. मग दुसऱ्या कापडाने मडगार्ड खसाखसा पुसलं आणि तेही दिलं.

सिस्टरनी दोन्ही कापडं उलटून पाहिली. एक पांढरं होतं. दुसरं मरून झालं होतं.

"हा रंग कसा आला?"

"जुन्या गाडीचा थोडा जातोच, सिस्टर."

"मग दाराचा का नाही गेला?" शंकूने विचारलं.

आत्या शांतपणे जॅक ढकलत पुढे आली. तिने गाडीची समोरची बाजू वर उचलली, खाली आधार लावले आणि टॉर्च सिस्टरच्या हातात दिला. सिस्टर वाकल्या. त्यांनी टॉर्चचा उजेड त्या ओबडधोबड जोडावरून फिरवला.

मग त्या उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "यात मी माझे पेशंट नेणार होते."

गॉगलकाकाने चष्मा काढला. त्याचे डोळे साधे, थकलेले होते, आणि ते कुणाकडे बघायला तयार नव्हते. तो अडखळत सांगू लागला, की गाडी अपघातातली आहे हे त्याला ठाऊक होतं. पत्रेवाल्याने जोडून दिली, चालते म्हणाला. आत किती मोडलंय ते त्याने विचारलंच नाही, कारण उत्तर ऐकायची भीती वाटत होती. आत्याने त्याला बजावलं, की तो दांडा नीट बदलून घेतल्याशिवाय आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सगळं सांगितल्याशिवाय ही गाडी तिच्या दारात यायची नाही, आणि बाजारातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांना ती आजच फोन करणार आहे. तो मान खाली घालून गाडी ओढून न्यायला माणूस शोधत गेला.

मग आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "विचारायचं काम माझं होतं. मी नाही विचारलं, या पोरांनी विचारलं." आणि तिने तिघांच्याही पाठीवर एकेक अशी थाप मारली की भोपू पुढे कोलमडला.

सुट्टी संपायच्या आत सिस्टरनी दुसरी गाडी घेतली. लहानशी, राखाडी, दाराला पोचा पडलेली. पोचा विकणाऱ्याने आपणहून दाखवला होता. तिघांनी ती धुतली, तिच्यावर क्ले फिरवला, सीलंट लावून एक दिवस सुकू दिलं, मग वॅक्सचा पातळ थर दिला. पोचा काढून देऊ का, असं ताईने विचारलं, तर सिस्टर नको म्हणाल्या.

"मी रोज लोकांच्या पट्ट्या सोडून खालची जखम बघते," त्या म्हणाल्या. "आणि गाडी घ्यायची वेळ आली तर नुसती चकाकी बघून भुलले. तुम्ही खाली वाकून बघितलंत, पोरांनो. माझे पेशंट तुमचे आभार मानायला येऊ शकत नाहीत, म्हणून तुम्हीच चला त्यांच्याकडे."

भोपू पुढच्या सीटवर आधीच बसला होता. आत्याने भर कामाच्या वेळी शटर खाली ओढलं, हात कपड्यांना पुसले आणि ताई-शंकूला सरकायला सांगून ती स्वतःही मागच्या सीटवर दाटीवाटीने बसली.