एका दाराची दोन कुलपं

रविवारी भर दुपारी माझा टेम्पो बोल्हेगावात केशरबाईंच्या घरापुढे थांबला आणि मी पाहिलं — माझ्या खोलीला दोन कुलपं होती.

वरच्या कडीचं कुलूप माझं. गुरुवारी मीच लावून गेले होते. खोली पसंत पडली की आपलं कुलूप लावून जायचं, मग ती आपली, असं केशरबाईच म्हणाल्या होत्या. खालच्या कडीला मात्र एक भलंमोठं काळं कुलूप लोंबत होतं. आणि दारासमोर पत्र्याच्या ट्रंकेवर बसून एक माणूस निवांत कलिंगड खात होता.

"हे कुलूप कुणाचं?" मी विचारलं.

"माझं." तो उठला, हात विजारीला पुसला. "वरचं तुमचं का? बरं झालं आला. उघडा की... लई ऊन हाय."

माझं डोकंच फिरलं.

फिरणार नाही तर काय! मी अल्मास, श्रीरामपूरची. सावेडीतल्या एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासते. नगरमध्ये — कागदावर अहिल्यानगर, पण रिक्षावाल्याला नगरच — खोली शोधत तीन आठवडे चपला झिजवल्या होत्या. सावेडीतली भाडी ऐकूनच मी जिना उतरायची. जिथे भाडं परवडायचं तिथे आधी विचारायचे, "एकट्याच राहणार?" आणि मग, "नाव काय?" नाव सांगितलं की खोली तेवढ्यात भरलेली असायची. झेंडीगेटला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, दोन खोल्यांत सात माणसं, आठवी मी. एक तारखेला तिच्याकडे लग्नाचे पाहुणे येणार. अब्बांनी फोनवर बजावलं होतं, एक तारखेला मी येतो. खोली असली तर बघतो, नसली तर तुला घेऊन परत येतो. म्हणजे नोकरीला रामराम. आणि अब्बांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण माझा राग मी त्यांच्याकडूनच घेतलाय.

केशरबाईंनी माझं नाव ऐकून फक्त एवढंच म्हटलं होतं, "पानी दिसाआड येतं. सांडायचं न्हाई." तिथेच मी त्यांच्या प्रेमात पडले होते. आणि आता हा कलिंगडवाला!

आरडाओरडा ऐकून केशरबाई एका दारातून आल्या, त्यांचे यजमान काकासाहेब दुसऱ्या. दिवाळीपासून दोघांचा अबोला होता. काकासाहेबांनी बायकोची शेळी तिला न विचारता विकली होती, एवढंच कारण. त्यामुळे गुरुवारी बाईंनी खोली मला दिलेली नवऱ्याला माहीत नव्हतं, आणि शुक्रवारी नवऱ्याने ती याला दिलेली बाईंना माहीत नव्हतं. वरचं कुलूप बायकोनं मुद्दाम ठोकलंय असं समजून काकासाहेबांनी याला खालची कडी दाखवली होती.

"त्यांना सांग, खोली पोरीला दिलीय," केशरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"तिला सांग, मी शबूद दिलाय," काकासाहेब त्याच्याकडे बघून म्हणाले.

शेवटी तोडगा निघाला तो असा. दोघांचं सामान आत ठेवायचं, दोन्ही कुलपं राहू द्यायची, आणि तोवर खोलीत कुणीच राहायचं नाही. ज्याला आधी दुसरी खोली मिळेल त्याने आपलं कुलूप काढायचं.

त्याचं नाव जीशान. नेवाशाचा, एमआयडीसीत मशीनवर कामाला. नागापूरला तिघांत एका गादीवर झोपायचा. "रातपाळीवाला उठला की मी आडवा व्हतो," तो म्हणाला. "गादी कदीच गार व्हत न्हाई."

"वाईट वाटलं," मी म्हटलं. "पण मी कुलूप काढणार नाही."

"मी कुटं म्हनलं काडा?"

असं कुणी भांडणच केलं नाही की माझा राग आणखी वाढतो.

मग रोज संध्याकाळी सहा वाजता आम्ही त्या दाराशी भेटू लागलो. मला कधी धुतलेला अ‍ॅप्रन हवा असायचा, त्याला कधी शर्ट. वरचं कुलूप मी काढायची, खालचं तो. आणि मग निघायचो — तो माझ्यासाठी खोली शोधायला, मी त्याच्यासाठी. पहिल्या दिवशी मी हट्टाने रिक्षाने गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटारसायकलवर बसले, मध्ये पर्स ठेवून.

केडगावच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंगारच्या मालकाला भाडेकरू रात्री आठच्या आत घरात हवा होता. पाइपलाइन रोडच्या बाईंनी माझं नाव ऐकलं आणि गोड हसून म्हणाल्या, "अगं, कालच गेली बघ खोली."

गेटवर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच होती. मी ती उचकटायलाच निघाले होते.

"थांबा," जीशान म्हणाला. त्याने बेल पुन्हा वाजवली आणि अदबीने म्हणाला, "काकू, खोली गेली ना? मग पाटी काडून देऊ का? उगं लोकांना हेलपाटा."

बाईंना नाही म्हणता येईना. त्याने पाटी काढून त्यांच्या हातात दिली. कोपऱ्यापर्यंत मी कसंबसं आवरलं. मग इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं... आणि मग नुसतंच पाणी.

त्याने रुमाल पुढे केला. "तुमी चिडल्या की नाकाच्या शेंड्याव घाम येतो."

"तुम्ही बघता कशाला?"

"समोरच असतं की नाक."

आता खरं सांगते. मंगळवारीच आमच्या दवाखान्यातल्या धनश्री सिस्टर म्हणाल्या होत्या, नागापुरात त्यांच्या शेजारी एक खोली रिकामी आहे, मुलाला चालेल, भाडंही कमी. मी "विचारते" म्हणाले आणि विचारलं नाही. रोज सहा वाजता त्याला सांगायचं ठरवायची आणि रोज सातला स्वतःवर चडफडत खालाकडे परतायची. तो बिचारा गरम गादीवर, आणि मी ही अशी!

तीस तारखेला मला सुट्टी होती. नवी बादली केशरबाईंकडे ठेवायला दुपारीच बोल्हेगावला गेले, आणि दारावर फक्त माझं कुलूप होतं. खालची कडी मोकळी.

"सकाळीच काडून गेला," केशरबाई म्हणाल्या. "म्हनला, खोली पोरीला ऱ्हाऊ द्या. टरंक मागून नेतो."

मला आनंद व्हायला हवा होता. खोली माझी, नोकरी माझी, अब्बा गप्प. पण छातीत नुसता जाळ झाला.

"मला विचारलं का त्याने?"

"बाप्ये कवा इचारत्यात?" केशरबाई काकासाहेबांच्या दाराकडे बघत मोठ्याने म्हणाल्या. "शेळी इकली तवा मला इचारलं व्हतं का कुनी?"

मी तशीच रिक्षात बसले. कारखान्याच्या गेटवर पोचले तेव्हा पहिली पाळी सुटत होती आणि बादली अजून माझ्या हातात होती.

"मी काय शेळी आहे?" मी ओरडले. पन्नास माणसं जागच्या जागी थांबली. जीशान सगळ्यांत आधी.

"आठ दिवस चहात साखर किती ते विचारतोस, आणि कुलूप न विचारता काढतोस? दया आली माझी?"

"दया न्हाई..." त्याने मान खाली घातली. "लबाडी केली मी. तपोवन रोडला बुधवारीच खोली मिळत व्हती तुमाला. तुमचं नाव सांगितलं, तरी व्हय म्हनले. मी तुमाला बोललोच न्हाई. काल राती गेल्तो, तर खरंच गेली ती."

"का नाही बोललास?"

"तुमी कुलूप काडलं असतं. मग सहा वाजता मी कुनाची वाट बगायची?"

"माझी नोकरी गेली असती, मूर्खा!"

"म्हनून तर काडलं कुलूप."

मला त्याला बादली फेकून मारावीशी वाटली. त्याच्याइतकाच स्वतःचाही राग येत होता. म्हणून मीही सांगून टाकलं — धनश्री सिस्टर, नागापूर, मंगळवार, सगळं. तो ऐकत राहिला आणि मग खो खो हसायला लागला.

"हसू नकोस! तू मला आवडतोस, आणि त्याचा मला भयंकर राग येतोय."

पाळीवाल्यांपैकी कुणीतरी शिट्टी मारली. जीशानचे कान लाल झाले. त्याने पुढे येऊन माझ्या हातातली बादली घेतली.

"मग आता... कसं करायचं?"

"धनश्री सिस्टरांकडची खोली आजच बघ. पण ट्रंक हलवायची नाही, आणि ते कुलूप पुन्हा लाव. एक तारखेला अब्बा येतायत. दार आपण दोघांनी उघडायचं."

"आन् ते चिडले तर?"

"चिडतीलच."

एक तारखेला अब्बा अकरा वाजता आले. उन्हात उभं राहून त्यांनी दाराकडे पाहिलं. "एका खोलीला दोन कुलपं? चोर फार आहेत वाटतं इथं."

"वरचं माझं आहे, अब्बा," मी म्हटलं.

"खालचं माझं हाय, चाचा." जीशानने किल्ली पुढे धरली. "मी नागापूरला ऱ्हातो. हितं ऱ्हात न्हाई. पन... तुमाला इचारायचं व्हतं."

अब्बांचं नाक लाल झालं. शेंड्यावर घाम आला. मी डोळे मिटले. मागून केशरबाईंचा आवाज आला, दिवाळीनंतर पहिल्यांदाच नवऱ्याला उद्देशून. "बगा! ह्याला म्हंत्यात इचारनं."

अब्बांनी रुमालाने नाक पुसलं.

"विचारायचंय तर बसून विचारा," ते शेवटी तडकून म्हणाले. "उन्हात काय उभं केलंय मला? उघडा दार."

वरचं कुलूप मी काढलं, खालचं त्यानं.