हडंब्याचा नंबर

प्रेरणा रजतच्या अंगणात पहिल्यांदा आली ती भांडायला.

"हे ॲप तुम्हीच बनवलं ना?"

"हो," रजत छाती फुगवून म्हणाला. सोयाबीन काढायच्या हडंब्यासाठी, म्हणजे मळणीयंत्रासाठी, नंबर लावायला त्यानं ते केलं होतं. हडंबा वडिलांचा, पुंडलिकरावांचा. शेतात कापलेल्या पिकाच्या गंज्या लावून बसलेले सदतीस शेतकरी त्यावर नंबर पाहत.

"यात माझा नंबर अजून पाचवा, अन् हडंबा माझ्या धुऱ्यावरून पुढं निघून गेला! काहून?"

"ॲप बंद करून पुन्हा उघडलं होतं काय?"

"तू हर घंट्याले मरून पुन्हा जन्म घेतं काय?"

इतक्यातच 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. तिच्या केसात सोयाबीनचं कुटार अडकलं होतं... सांगावं की नको, या विचारात रजतनं लॅपटॉपच तिच्या हाती दिला.

प्रेरणा अमरावतीहून बीसीए करून आलेली. दुखणं तिला दहा मिनिटांत सापडलं.

"यादी बदलते, पण मोबाइलच्या पडद्याले कोणी सांगतच नाही. तू बदलवतं अन् गप बसतं."

"मले सवयच आहे..."

"दिसूनच राह्यलं."

जो जो मोबाइल यादी पाहतो आहे, त्याला बदल आपोआप कळायला हवा — काम एका दुपारचं होतं. ती चार दुपारी आली. शेवटच्या दोन दुपारच्या चुका रजतनं स्वतः घातल्या होत्या. तिनं त्याही काढल्या.

"झालं सारं. उद्यापासून मी येत नाही," ती म्हणाली आणि गेली.

रजत लॅपटॉप उघडून बसला. ॲपमधल्या नोंदीच्या रकान्यात मनातलं लिहून पुसायची त्याला जुनी खोड; कोणी ॲप पुन्हा उघडेपर्यंत मजकूर गेलेला असे. त्यानं लिहिलं, 'प्रेरणा, तुझ्याबिगर करमत नाही. लग्न करशील?' कसं दिसतं ते पाहावं म्हणून बटण दाबलं.

सदतीस मोबाइल एकदम वाजले.

पहिला फोन तांड्यावरच्या नेमसिंगचा. "भाऊ, माह्या नंबरच्या वर हे काय आलं? मी दोन लेकरांचा बाप आहो!"

रजत पुसायला धावला, तोच पुंडलिकरावांनी मनगट धरलं. "आता पुसशील तं पोरीची थट्टा केली असं होईन. जे लिहिलं ते राहू दे. हो म्हणो का नाही, तिचं ती सांगन."

रजत मोबाइलकडे बघत बसला. बोटही न लावता एक ओळ उमटली.

'लिहाले चार दिवस लागले? रविवारी घरी ये, बाबासंग बोल. — प्रेरणा'

तो ती दुसऱ्यांदा वाचत होता, तेवढ्यात 'रविवारी'च्या जागी 'उद्या' आलं.