‘माझा!’ कोण म्हणालं?

सांगतो, पण मध्येच कुणी खिदळायचं नाही. आणि ए चष्मिष, तो मोबाईल उलटा ठेव. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या साडूच्या डोळ्यांदेखत घडलंय.

साडू फुटबॉलच्या मैदानावर माळी होता. साथीच्या वर्षातला गुरुवार, सोळा तारीख, संध्याकाळचे साडेसहा. गोलची जाळी एका कोपऱ्यात सुटली होती, तिला दोरी बांधायची, एवढंच त्याचं काम. सातला कपची फायनल. साथीमुळे दोनदा पुढे ढकललेली, आणि आता होणार तीही प्रेक्षकांविना. पंच नुसता खाकरला तरी वरच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल, अशी शांतता.

टीमचे गोलकीपर दोन. पहिला लांब्या. दुसरा बाकडू. सहा वर्षं नुसता बाकावर बसून होता, म्हणून पडलेलं नाव. हा बाकडू लांब्यावर जळायचा. जळायचा म्हणजे किती? लांब्याने गोल वाचवला की सगळे टाळ्या वाजवायचे, आणि हा बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. नाडी बांधलेलीच असायची मेल्याची! "एकदा, फक्त एकदा त्या जागी मी हवा," असं साडूला शंभरदा म्हणाला असेल.

फायनलच्या बारा दिवस आधी सगळ्यांच्या घशातले नमुने घेतले. नळ्यांवर जर्सीचे नंबर चिकटवलेले. बाकडूला सकाळपासून कणकण होती. नर्स हात धुवायला गेली, ट्रे तिथेच. याने आपली आणि लांब्याची अशा दोन चिठ्ठ्या सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. एकचा बावीस, बावीसचा एक. लांब्या दोन आठवडे अडकेल, फायनल आपल्याला मिळेल, एवढाच हिशेब.

रिपोर्ट आला, एक नंबर, म्हणजे लांब्या, आजारी.

"अहो, मला काही म्हणजे काही झालेलं नाही!" लांब्या ओरडत राहिला. कोण ऐकतंय? धडधाकट माणूस नेऊन साथीच्या वॉर्डात टाकला, खोकणाऱ्यांच्या मधोमध. तिथे त्याला खरोखरच लागण झाली. नवव्या दिवशी गेला बिचारा.

...का रे, गप्प झालात?

तर सोळा तारखेला गोलमध्ये बाकडू. ताप कधीच उतरलेला. साडू जाळीमागे स्टुलावर. आता गोलकीपरची एक रीत असते. बॉल आपण घेणार असलो की ओरडायचं, "माझा!" मग आपली माणसं बाजूला होतात.

आठ वाजून वीस मिनिटं. शून्य-शून्य. बॉल उंच आला. बाकडूने तोंड उघडलं.

"माझा!"

आवाज त्याच्या मागून आला.

साडूने ओळखला. लांब्याचा. बचाववाले सवयीने बाजूला झाले. बाकडू गर्रकन वळला. मागे जाळी... नुसती जाळी. बॉल आत.

"अरे, तूच ओरडलास ना?" कॅप्टन खेकसला.

बाकडू अजून जाळीकडेच बघत होता.

पुन्हा बॉल आला. पुन्हा, "माझा!"

या वेळी कानाशी. अगदी हळू.

बाकडूचे हात वर गेलेच नाहीत. दुसरा गोल. तो गुडघ्यांवर बसला, जाळीकडे तोंड करून. हात जोडले. "मी जळत होतो रे तुझ्यावर... मीच बदलल्या चिठ्ठ्या..." सगळं ओकला. पंचाने ऐकलं. कॅप्टनने ऐकलं. मैदानात चिटपाखरू नव्हतं, शब्दन् शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

सामना तिथेच थांबला. सगळे गेल्यावर साडूने वाकून गोल पाहिला. आत, जाळीला टेकून, ओल्या मातीत बुटांच्या खिळ्यांचे दोन ठसे. लांबलचक. येणारं पाऊल नाही... जाणारं नाही. त्याने दिवे घालवले, फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवून घर गाठलं.

सकाळी सहाला त्यानेच कुलूप उघडलं.

जाळीपाशी काही नव्हतं. माती सपाट.

दोन्ही ठसे रेषेच्या पुढे आले होते. गोलच्या बरोबर मधोमध... मैदानाकडे तोंड करून.