आठवा नट

त्या चाचणी-उड्डाणातून सगळ्यात जास्त पदरात पडणार होतं ते दातांच्या डॉक्टरांच्या. दुसऱ्या दिवशी होणारे व्याही येणार होते. त्यांना स्वतःच्या विमानातून एक चक्कर मारून आणली की लेकीची सोयरीक पक्की, असा डॉक्टरांचा हिशेब. विमानं दुरुस्त करणाऱ्या दाजींच्या वाट्याला नेहमीचं काम आणि वर डॉक्टरांची बडबड. सुटे भाग काढून देणारा मी, दाजींचा मेहुणा. मला फुकटची करमणूक.

काम साधं होतं. सिलिंडर आणि धुराची नळी यांच्या सांध्यात फट बुजवणारं तांब्याचं चपटं गॅस्केट बसतं. ते जळलं की धूर फटीतून निघून केबिनमध्ये शिरतो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. दाजी म्हणायचे, त्याने मेलेला माणूस जिवंतपणी कधी दिसला नसेल इतका टवटवीत दिसतो, गाल गुलाबी.

आमच्या वर्कशॉपचे दोन नियम. जुनं गॅस्केट चुकून परत लागू नये म्हणून काढल्या काढल्या कात्रीने दोन तुकडे करायचे. आणि ज्याने नट आवळले त्याने पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या शेजारी बसायचं. दुसऱ्या नियमामुळे नट फार मन लावून आवळले जातात.

दाजींनी चारही जुनी गॅस्केट कापून डब्यात टाकली. मी मोजून चार नवी दिली. चारही सांधे बसले, तरी ट्रेमध्ये एक नवं शिल्लक.

मला मोजता येत नाही यावर डॉक्टर दोन विनोद करून मोकळे झाले. दाजी हसले नाहीत. त्यांनी एकेक सांधा सोडला. तिसऱ्यात जुनं गॅस्केट होतं. काळं, चेपलेलं, अखंड. इंजिन आठवडाभर बंद होतं, पण गॅस्केट कोमट होतं.

डब्यात सहाच तुकडे होते.

दाजींनी ते पुन्हा कापलं. नवं बसवलं, खालून आरसा धरून पाहिलं, मलाही दाखवलं. तांब्याची कड चकाकत होती. मग जमिनीवरच इंजिन चालवलं. कुठेच गळती नाही. गार झाल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात, सांध्याला दोन असे आठ. दाजींनी सात आवळले. आठव्यावर, तिसऱ्या सिलिंडरच्या, बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"हा अजून गरम आहे," ते म्हणाले. "आज नको."

मी हात लावला. बाकीचे नट थंडगार, तो एकटा तापलेला.

डॉक्टर घड्याळ बघत होते. कारण काय, असं त्यांनी विचारलं. ताईला सातवा महिना होता, हे काही कारण होत नाही.

डॉक्टरांनी दाजींच्या हातातला पाना घेतला. "हा मी आवळतो. म्हणजे तुमच्या नियमाने मीच बसतो, नाही का? तुम्ही खाली थांबून चहा प्या."

त्यांनी नट आवळला आणि विमान नेलं.

दाजी धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. आवाज दूर गेला, वळला, परत आला. मध्येच त्यांनी एक जांभई दिली. मग आणखी एक.

डॉक्टर उतरले ते ठणठणीत. डोकं दुखत नव्हतं. विषारी वायू लागला तर काळी पडणारी केबिनमधली चकती पिवळीच्या पिवळी.

"एकच गंमत झाली," ते म्हणाले. "सारखं वाटत होतं, शेजारी तुम्ही बसलाय. आणि चक्क झोपलाय."

दाजी हसले. यावेळी हसले.

घरी आल्यावर दाजींनी खुर्चीत मान टेकली आणि डोळे मिटले. ताई पाणी घेऊन आली आणि त्यांच्याकडे बघत थबकली. कौतुकाने.

"बघ रे, आज ह्यांच्या चेहऱ्यावर कसलं तेज आलंय. गाल बघ, लहान मुलासारखे."

दुसऱ्या दिवशी व्याही येऊन चक्कर मारून गेले. सोयरीक जमली. डॉक्टरांनी शब्द पाळला होता, आपला नट आपण आवळून शेजारी नाही, चांगले वैमानिकाच्याच जागेवर बसले होते. पण तो एकच नट.

उरलेले सात दाजींचे होते.