पाठवण्याचे कारण

सरावासाठी ठरलेला खोटा पेशंट त्या दिवशी आलाच नाही. तेवढ्यात रिपोर्ट द्यायला लॅबवाला दारात उभा राहिला, आणि शिकवणाऱ्या मॅडमनी त्यालाच धरून खुर्चीत बसवलं. "वीस मिनिटं पेशंट व्हा. घराण्यात आजार आहे असं समजा आणि सुचेल ते सांगा."

समोरच्या शिकाऊ समुपदेशकाला घाम फुटला. आनुवंशिक आजाराच्या धास्तीनं आलेल्या माणसांशी कसं बोलायचं, हे ती शिकत होती. समोरचा क्षणभर गप्प झाला की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू, हीच तिची खोड.

तिनं घराण्याचा तक्ता मांडायला घेतला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन.

"हा मी? जरा देखणा काढा की!"

"चौकोन आहे तो. देखणा नसतो."

मॅडम मागे खोटंच खोकल्या.

त्यानंतर दर गुरुवारी रिपोर्ट घेऊन तोच यायला लागला, काम शिपायाचं असलं तरी. रिकाम्या वेळात खुर्चीत बसायचा. दर वेळी नवा आजार, नवी आत्या, बारा भानगडींचे काका. ती हसून बेजार व्हायची. आपण गुरुवारची वाट बघतो, हे तिनं स्वतःशी कबूलही करून टाकलं होतं.

सहाव्या गुरुवारी मात्र त्यानं मस्करी केली नाही.

"आई?" तिनं तक्त्यासाठी विचारलं.

"गेली. पंचेचाळिसाव्या वर्षी. आधी हात आपोआप हलायचे... मग चालणं गेलं, मग ओळख. मामाचंही तसंच झालं."

तिचं पेन थांबलं. हे सुचलेलं नव्हतं, खरं होतं. तोंडाशी दहा शब्द आले. तिनं ते गिळले आणि ती थांबली.

"लोकांचे नमुने मी रोज तपासतो," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "स्वतःचा अजून दिला नाही. पण आता... एक मुलगी आवडलीय. दर गुरुवारी भेटते. तिला विचारायच्या आधी तपासणी करावी का? तुम्हीच सांगा."

निर्णय पेशंटचा, आपलं मत मध्ये आणायचं नाही, हा पहिलाच धडा. पण हा माणूस तिला हवा होता, रिपोर्ट कसाही येवो. तिनं खणातून एक फॉर्म काढून भरायला घेतला.

"मला नाही सांगता यायचं. तुम्हाला मॅडमकडे पाठवते."

त्याचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

तिनं फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. 'पाठवण्याचे कारण' या रकान्यात लिहिलं होतं – समुपदेशक तटस्थ राहू शकत नाही.

त्यानं ते दोनदा वाचलं. "म्हणजे...?"

"म्हणजे तपासणीचं मॅडमशी बोलून तू ठरव," ती म्हणाली. कान लाल झाले होते, तरी नजर खाली गेली नाही. "पण त्या मुलीला विचारायला रिपोर्टची वाट बघू नकोस."