चांदण्यांऐवजी गोळे

"चांदण्या उगवायच्या तिथे गोळे उगवतायत, बाई." धाकटीनं सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "कालपर्यंत सगळं ठीक होतं. चारला समिती येतेय. चांदण्यांच्या आकाराचे कण दिसले नाहीत तर माझी इथली जागा गेली."

गुप्तहेर बाईंनी टेबल न्याहाळलं. प्लॅटिनमचं द्रावण, विजेच्या दोन तारा आणि व्होल्टेज जिच्या आधारानं मोजायचं ती काचेची कांडी. शेजारी एक रबरी टोपी पडली होती. आत मिठाचं पाणी होतं.

"ही टोपी कुठली?"

"सकाळी कांडीच्या टोकावर होती, मी काढली. मी कांडी नुसती मिठाच्या पाण्यात बुडवून जाते."

"कुणीतरी द्रावणात काहीतरी टाकलंय," बाईंचे यजमान म्हणाले. प्रत्येक प्रकरणात कुणीतरी काहीतरी टाकलंय, असंच त्यांना वाटे. बायको आपल्याआधी ओळखते, हे त्यांना अजून पचलं नव्हतं.

"अहो, जरा दम धरा."

प्रयोगशाळेच्या किल्ल्या आणखी तिघांकडे होत्या. धाकटीचे मार्गदर्शक सर हातात बॅग घेऊनच आले. "दोन दिवस परगावी होतो, आत्ता गाडीतून उतरतोय."

काचसामान धुणारे काका रागावले. "मी धुतो, पुसतो, खडखडीत कोरडं करून ठेवतो. ओलं ठेवलेलं मला खपत नाही."

तिसरी धाकटीची थोरली बहीण. शेजारच्याच टेबलावर ती सात वर्षं काम करत होती; धाकटीला हे काम तिनंच शिकवलं होतं. बोलता बोलता तिनं आपली कांडी धुतली, रबरी टोपीत मिठाचं पाणी भरलं आणि टोकावर बसवली. "मी कशाला तिचं वाईट चिंतीन? हुशारच आहे ती. घरात हल्ली दुसरा विषय नसतो."

बाईंनी व्होल्टमीटर मागवला. धाकटीच्या टेबलावरची कांडी आणि कपाटातली नवी कांडी एकाच मिठाच्या पाण्यात ठेवली. दोघींत फरक शून्य यायला हवा होता. आला शंभर मिलिव्होल्ट.

"द्रावण चोख आहे, कांडी बदललीय," बाई म्हणाल्या. "यंत्रावर आकडा नेहमीचाच, पण खरं व्होल्टेज भलतंच. धातू घाईनं बसतो, टोकं फुटत नाहीत आणि गोळे होतात."

"मग काका?" यजमानांनी विचारलं.

"काकांनी ती पुसून कोरडी ठेवली असती. सर गावातच नव्हते. बिघडलेली कांडीसुद्धा वाळू नये म्हणून टोपी भरून लावणारं माणूस इथे एकच आहे. डाव साधला, पण हाताचं वळण गेलं नाही."

थोरलीनं खण उघडून धाकटीची खरी कांडी काढून दिली. "पहिली चांदणी यायला मला चार वर्षं लागली. हिला तिसऱ्या दिवशी आली. मला बघवलं नाही."

धाकटीनं कांडी धुतली आणि ती कामाला लागली.

चारला पडद्यावर चांदण्याच चांदण्या होत्या. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "इतका सफाईदार हात कुणी घडवला?"

"ताईनं," धाकटी म्हणाली. खोटं बोलणं तिला सुचलंच नाही.

दारात उभ्या थोरलीकडे सगळे कौतुकानं वळले. त्यापेक्षा दोन थोबाडीत बसल्या असत्या तर तिला परवडल्या असत्या.