दोन मिनिटांसाठी लावलेलं दार

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती, तर मी स्वतःला जरा बरा माणूस म्हणून दाखवलं असतं.

फेब्रुवारी २०१७. रविवार, सकाळचे अकरा. डहाणू तालुक्यातलं चिंचणी.

भुताच्या गोष्टीला लोकांना रात्र लागते. इथे डोक्यावर ऊन होतं.

जुन्या घरांचे फोटो काढायला आम्ही नऊ जण आलो होतो. आमचा गाईड जतीन गावचाच. शेवटचं घर हिरकणीमावशींचं. कौलारू, पुढे ओटा, आणि सागवानी दाराच्या दोन फळ्यांवर मिळून कोरलेला एकच मोठा मोर. दार मिटलं तरच तो पुरा दिसणार.

पण दार सताड उघडं होतं.

"दाराला हात लावायचा नाही," जतीन हळूच म्हणाला. "त्यांचा मुलगा प्रवीण दोन वर्षांमागे बोटीवरून पडला. सापडलाच नाही. तेव्हापासून मावशी दार लावत नाहीत. रात्रीसुद्धा."

मावशी मासे वाळत घालायला निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "फोटो काडा. पन दार हाय तसंच ऱ्हाऊ द्या. लावलेलं बगून माझा पोरगा परत जायाचा."

सगळे पुढे गेले. मी मागे राहिलो.

अर्धा मोर घेऊन घरी जाऊ? दोन मिनिटांत काय होतंय!

मी फळ्या ओढून घेतल्या. अंगणात उतरलो. कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात... कावळे गप्प झाले.

समुद्राची गाजही ऐकू येईना.

मग... दाराची कडी वाजली.

वारा नव्हता. दार माझ्या समोर होतं. दारात कुणीच नव्हतं.

परत वाजली... दोनदा.

मी नुसता बघत राहिलो. खरं सांगतो, भीतीसुद्धा वाटली नाही.

आणि ओट्यावर... ओली पावलं.

अनवाणी. पुरुषाची. पायरीवरून दारापर्यंत गेलेली.

तिथून वळलेली.

माझ्या बुटाला लागून, अंगणातून समुद्राकडे गेलेली.

मी धावत जाऊन दार उघडलं. आता उघडून काय उपयोग होता?

मावशी परतल्या तेव्हा पावलं सुकली नव्हती. त्या वाकल्या. पाण्याला बोट लावलं, जिभेवर ठेवलं. खारट होतं, ते मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

"किती येल लावलं व्हतं?"

"दोन मिनिटं."

त्यांनी मान हलवली. शिव्या देतील म्हणून मी उभाच राहिलो. मला त्या हव्याच होत्या.

त्या आत गेल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने दार लावलं.

आतून अडसर घातल्याचा आवाज आला...

जतीन धावत आला. "काय झालं? मावशींनी दार का लावलं?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

आजही तो विचारतो. आजही मी तेच सांगतो.